तीन ठिकाणच्या उमाबाई

ऋजुता भार्गवीला वरणभात भरवत होती आणि टीव्हीखालच्या खणातली डिस्क टिकटिकत होती. पाल चुकचुकावी तसा आवाज, दर चौथ्या घासाला एकदा. अडीच वर्षांच्या भार्गवीनं घास गालात धरला, खणाकडे बोट दाखवलं आणि शांतपणे सांगितलं, "आजी बोलावते."

ऋजुताच्या हातातला पुढचा घास तसाच राहिला. भार्गवीची आजी, म्हणजे ऋजुताच्या सासूबाई उमाबाई, जाऊन दोन वर्षं झाली होती. आजी खणात राहते अशी भार्गवीची समजूत होती, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. जुना फोन बिघडायच्या आधी उतरवून घेतलेला उमाबाईंचा आवाज त्या डिस्कवर होता.

ऋजुताचे दिवस भरत आले तेव्हापासून उमाबाई पावसच्या घरून तिला फोनवर निरोप पाठवायच्या. लिहायचा कंटाळा, म्हणून बोलून. एकूण चव्वेचाळीस निरोप. त्यातला एकही नुसता निरोप नव्हता. बोलता बोलता त्या मांजराला हाकलत, घरकाम बघणाऱ्या सगुणाला चार कामं सांगत, कावळ्याशी भांडत, आणि मग "हं, तर काय म्हणत होत्ये" असं म्हणून डिंकाच्या लाडवांवर परत येत. निरोप दोन-दोन मिनिटांचे, आणि ऋजुताच्या मांडीवर तान्ही भार्गवी. अर्धा ऐकून होईपर्यंत ती रडायला लागे, मग उरलेला नंतर ऐकू म्हणून राहून जाई. ते नंतर काही आलं नाही. भार्गवी सहा महिन्यांची असताना उमाबाई चार दिवसांच्या तापात गेल्या. तेव्हापासून ते निरोप ऐकायला बसणं ऋजुताला जमलं नव्हतं, आणि ते हरवतील ही कल्पनाही सोसत नव्हती.

त्या दुपारी डिस्क शेवटचे आचके देत असताना तिनं सगळे निरोप आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतले. संध्याकाळी डिस्क गप्प झाली ती कायमची.

पोटापाण्यासाठी ऋजुता पुण्याच्या एका कंपनीचे संगणक घरबसल्या सांभाळायची. एकाच ठिकाणी ठेवलेली वस्तू ठेवलेली धरायची नसते, हे ती रोज दुसऱ्यांना समजावत असे. नवरा मुकुल बोटीवर, आणखी चार महिने पाण्यातच. त्याचं म्हणणं पडलं की सगळं एखाद्या मोठ्या कंपनीकडे टाक आणि मोकळी हो. पण उमाबाईंनी आयुष्यात कधी परक्याच्या घरी मुक्काम केला नव्हता. त्यांचा आवाज कुठल्या तरी अनोळखी देशातल्या गोदामात पाठवायचा, हे ऋजुताच्या जिवावर आलं. घरचेच जुने संगणक घ्यायचे, तीन ठिकाणी ठेवायचे, ते इंटरनेटवरून एकमेकांशी जोडायचे आणि तिघांना मिळून एकच कोठार सांभाळायला लावायचं, असं तिनं ठरवलं.

कोठार कुठल्या पद्धतीचं, इथं घोडं अडलं. भार्गवी दुपारी झोपली की चाळीस मिनिटं मिळत. त्या चाळीस मिनिटांत ती तीन आठवडे वाचत होती. सासरे अण्णा पेपर वाचता वाचता विचारत, काय ठरलं. ते निवृत्त शिक्षक, त्यामुळे ऐकलेलं सगळं त्यांना आपल्या शब्दांत सांगून पाहावं लागे. एक पद्धत भारी, मोठमोठ्या कंपन्यांची. तिला दणकट यंत्रं आणि अखंड देखभाल लागते. अण्णा म्हणाले, हे गावजेवणाचं तपेलं आणून त्यात दोन माणसांचं पिठलं करण्यासारखं. दुसरी साधी, दोन यंत्रं एकमेकांची नक्कल ठेवणारी. पण दोघांत फरक पडला तर खरं कुणाचं, हे कोण सांगणार. अण्णा म्हणाले, म्हणजे दोन हिस्सेदार आणि एक सातबारा, पुढे कोर्ट. तिसरी हलकी. यंत्रं तीन, आणि नियम एकच: तिघांत दोघांचं जमलं की तेच खरं. एखादं बंद पडलं तरी उरलेली दोन काम चालवतात, आणि परत आलेल्यानं काही न बोलता त्यांचं उतरवून घ्यायचं. पण एकट्यानं सांगितलेलं कधीच ऐकायचं नाही.

भारी की हलकी, यावर ऋजुता अडून राहिली. शेवटी अण्णाच एका सकाळी एसटीनं पावसला गेले आणि गावदेवीला कौल लावून आले. लग्न, विहीर, बागेची विक्री, काहीही असलं तरी ते कौल लावल्याशिवाय हलत नसत. गुरव अनिल देवीच्या अंगाला फुलांचे ओले कळे लावून विचारता झाला, उजवीकडे काय आणि डावीकडे काय. अण्णांनी खिशातला कागद काढून वाचलं: उजवीकडे हलकी पद्धत, तीन यंत्रं, बहुमतानं. डावीकडे भारी. अनिलनं गाऱ्हाण्यात हे सगळं जसंच्या तसं घातलं. पाच मिनिटांत उजवा कळा सुटला.

"देवीला बहुमत कळतं," अण्णा घरी येऊन म्हणाले. "बारा वाड्या सांभाळत्ये ती."

यंत्रं बसली. एक रत्नागिरीत ऋजुताच्या घरी. दुसरं तिची कॉलेजपासूनची मैत्रीण झुबेदा हिच्याकडे, गावातच राजिवड्याला. तिचा नवरा आखातात, घरात मुलांचे क्लास चालत, इन्व्हर्टर चांगला. आणि तिसरं, अण्णांचा जुना संगणक त्याच्या डबा स्पीकरसकट, पावसच्या घरी.

पावसचं घर उमाबाई गेल्यापासून बंदच होतं. अण्णा बागेवर जात, कलमं बघत, पण घराच्या पडवीपलीकडे त्यांनी दोन वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. यंत्र ठेवायला गेले तेव्हाही ते पडवीत पाठ करून बसले आणि ऋजुतानं सगुणाबरोबर आत जाऊन मधल्या खोलीतल्या टेबलावर ते मांडलं. झाडलोट करायला चावी सगुणाकडेच असे. तीस वर्षं त्या घरात वावरलेली बाई, पण बटण दाबल्यावर अंधारात निळा दिवा लागला तशी तिनं हात जोडले.

एवढी भक्कम व्यवस्था झाल्यावर ऋजुतानं लॅपटॉपवरची प्रत पुसून टाकली. घरात उगाच पसारा नको, हे उमाबाईंचंच शिक्षण.

आता एकच काम राहिलं होतं. ठेवलेला आवाज खरोखर वाजतो का, हे वाजवून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून तिनं यंत्राला एक छोटी आज्ञा लिहून दिली: रोज संध्याकाळी सात वाजता, किंवा बंद पडलेलं यंत्र पुन्हा जागं झालं की, एक निरोप वाजवून दाखव. कोठारात कुठला निरोप नव्यानं आला असेल तर आधी तो. आज्ञा लिहिताना भार्गवी मांडीवर होती आणि मधून मधून कीबोर्डवर मदत करत होती. घाईत ऋजुतानं ती आज्ञा कोठारातच ठेवली. कोठारात ठेवलेली प्रत्येक गोष्ट तिन्ही यंत्रांवर जाते, हे जिनं तीन आठवडे वाचलं होतं तिच्याच ते लक्षात आलं नाही.

सोमवारी सात वाजले. तुळशीपाशी दिवा लावून ऋजुता यंत्रासमोर उभी राहिली. काही वाजलं नाही. वाजणार नव्हतंच, कारण घरच्या स्पीकरची वायर भार्गवीनं काढून बाहुलीच्या गळ्यात बांधली होती. ऋजुताला वाटलं, आवाज कमी असेल. तिनं आज्ञेतला आवाजाचा आकडा थोडा वाढवून ठेवला. तोही आकडा मुकाट्यानं तिन्ही ठिकाणी गेला.

मंगळवारी सगुणाचा अण्णांना फोन आला. तिन्हीसांजेला घरात कुणीतरी पुटपुटतंय. अण्णा म्हणाले, उंदीर असेल. ऋजुताच्या यंत्रातून मंगळवारीही काही ऐकू आलं नाही. तिनं आवाज आणखी वाढवला. बुधवारी सगुणा म्हणाली, उंदीर नाही, बाईमाणूस आहे. ऋजुतानं आवाज शेवटापर्यंत नेऊन ठेवला.

गुरुवारी सव्वासातला फोन वाजला तेव्हा अण्णांनी तो कानाला लावला आणि हातातला पेपर खाली ठेवला. फोनमधला सगुणाचा आवाज ऋजुताला स्वयंपाकघरातून ऐकू येत होता.

"अण्णा, वयनी आल्यात. मधल्या खोलीत. माझं नाव घेऊन हाक मारलान."

"काय म्हणाली?"

"ता मी नाय सांगणार."

"अगं, पण आवाज तिचाच?"

"तीस वर्षां ऐकलंय अण्णा. मी काय दुसऱ्या कोणाला वयनी म्हणेन?"

फोन ठेवून अण्णा जेवायला बसले आणि आमटी ओरपल्याचा आवाज न करता जेवले. आपल्या यंत्राचा यात काही संबंध असेल, हे ऋजुताच्या डोक्यातही आलं नाही. कानाशी ठेवलेलं यंत्र चार दिवस मुकं होतं. ते वीस किलोमीटरवर बोलत असेल असं कुणाला वाटेल? पदर सावरत ती भार्गवीला जवळ घेऊन बसली आणि देवघरातला दिवा मालवू नये असं तिला उगाच वाटलं.

शुक्रवारी सकाळी सगुणानं स्वतःहून कौल लावला आणि निकाल फोनवर कळवला. देवी म्हणाली, बाईचं काही सांगायचं राहिलंय. ते झाल्याशिवाय तिला घरातून उठवू नका.

चहा पिता पिता अण्णांनी कप खाली ठेवला. "ऋजुता, तुझ्याजवळ तिचे निरोप आहेत ना? मला ऐकव."

"कुठला ऐकवू?"

"सगळे. उद्या संध्याकाळी बसू."

दोन वर्षांत त्यांनी हे कधी मागितलं नव्हतं. ऋजुता हो म्हणाली आणि भार्गवी झोपल्यावर निरोपांची यादी बघायला बसली. पावसचं यंत्र कालपासून दिसत नाही, असा बारीक इशारा कोपऱ्यात होता. वीज गेली असेल. दोन चालू होती, आणि एक गेलं तरी काम थांबत नाही हीच तर या पद्धतीची थोरवी.

यादीत एक निरोप असा होता की तो अण्णांच्या कानावर जाऊन चालणार नव्हतं. अण्णांना तपकिरीचं व्यसन. डॉक्टरांनी बंद करायला सांगितली तेव्हा उमाबाईंनी त्यांची चांदीची डबी लपवली आणि कुठे लपवली ते ऋजुताला कळवलं. पहिलंच वाक्य, "अण्णांना सांगू नकोस हो." अण्णांनी ती डबी महिनाभर शोधली होती, गोठ्यातसुद्धा. नंतर उमाबाई गेल्या आणि त्यांनी शोधणं सोडलं. ऋजुतानं शब्द दिला होता, तेव्हा तिनं तो निरोप पुसला. दोन यंत्रांचं एकमत झालं, निरोप गेला. बंद असलेलं यंत्र परत आलं की काय पुसलं ते त्याला कळावं म्हणून एक नोंद राहते; ती किती वेळ ठेवायची, हा आकडा तिनं पहिल्या दिवशी घाईत एक तास असा टाकला होता. तासाभरानं ती नोंदही गेली, आणि असं काही पुसलं होतं याची आठवण कोठारात कुठेही उरली नाही.

त्याच संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी झुबेदाचा फोन आला.

"ऋजू, तुझ्या सासूबाई जेवलीस का विचारतायत."

"काय?"

"माझ्या कपाटातून. रोज या वेळी क्लासच्या गोंगाटात काही कळत नाही, आज शुक्रवारची सुट्टी. नणंदेच्या सासरची माणसं बसलीत बाहेर, आणि आतनं मोठ्यानं सुरू झालं. जेवलीस का, लोणी खा, मेल्या बोक्या उतर खाली. त्यांची आजी तर उठून चपलाच शोधायला लागली. मी पिन ओढून काढली बघ. तू रागावू नकोस, पण मी आधी हो, जेवल्ये म्हटलं, मग काढली."

ऋजुतानं यंत्राकडे पाहिलं, मग बाहुलीच्या गळ्यातल्या वायरीकडे. पाच संध्याकाळी, आणि शेवटापर्यंत वाढवत नेलेला आवाज. तिला हसू आलं, पण तेवढ्यात समोरच्या पडद्यावर एक ओळ उमटली. तिघांपैकी एकच हजर. एकट्याच्या सांगण्यावरून कोठार उघडता येणार नाही.

आत्तापर्यंत ही गोष्ट सगुणाच्या भीतीची होती. आता ती ऋजुताच्या भीतीची झाली. शनिवारी सकाळी झुबेदानं पिन पुन्हा लावली, यंत्र उठेना. चालत्या कामात ओढलेली पिन त्याच्या डिस्कला बाधली होती. कोठार जबरदस्तीनं उघडायची एक आज्ञा होती, पण तिच्याखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं की यानंतर जे होईल त्याला तुम्ही जबाबदार. ऋजुताचं बोट त्या आज्ञेपर्यंत दोनदा गेलं आणि दोनदा मागे आलं. लॅपटॉपवरची प्रत तिनं स्वतःच्या हातानं पुसली होती. म्हणजे उमाबाईंचा आवाज आता पावसच्या बंद घरातल्या बंद यंत्राच्या हवाली. ते उठलं तर दोघांचं जमणार. नाही उठलं तर भार्गवीची आजी खणातूनही गेली.

भार्गवी तापानं फणफणली होती, तिला सोडून जाता येत नव्हतं. सगुणाला फोन केला तर ती म्हणाली, अंगणात उभी राहीन, आत नाय. ऋजुतानं अण्णांना सगळं सांगितलं. आज्ञा, आवाज, वायर, पिन. डबी सोडून सगळं. अण्णांनी ऐकून घेतलं. त्यांना हायसं वाटलं की वाईट, ते चेहऱ्यावरून कळेना.

"म्हणजे ती आलेली नाही," ते म्हणाले.

"नाही अण्णा. यंत्र आहे ते."

"आणि ते सुरू झालं नाही तर परत येणारही नाही."

अण्णांनी टोपी घातली.

दुपारची एसटी चुकली, पुढची उशिरा आली, आणि अण्णा पावसच्या घराच्या पायरीशी पोचले तेव्हा नेमकी तिन्हीसांज झाली होती. त्यांनी फोन लावला आणि तो हातात धरूनच ते चालू लागले. ऋजुताला पडवीचा दरवाजा कुरकुरल्याचं ऐकू आलं. मग दोन वर्षांत न वाजलेली त्यांची पावलं, ओटीवर, माजघराच्या उंबऱ्याशी. तिथं ती थांबली.

"अण्णा?"

नुसता श्वास. दूर कुठेतरी टिटवी ओरडली.

"अण्णा, काय झालं?"

"ऋजुता," अण्णा इतक्या हळू बोलले की ती फोनमध्ये शिरल्यासारखी ऐकू लागली, "ती बसल्येय."

"कोण?"

"मधल्या खोलीत. अंजिरी साडी. डोक्यावरनं पदर घेऊन, माझ्याकडं पाठ."

ऋजुताच्या कुशीत भार्गवी तापात कण्हली आणि ऋजुतानं तिला आणखी घट्ट धरलं. यंत्र आहे ते, असं आपण दुपारी इतक्या खात्रीनं कसं म्हणालो, हे तिला आठवेना. पलीकडे अण्णा एक पाऊल पुढे गेल्याचा आवाज आला. ते पळाले नाहीत, पुढे गेले, हे तिला फार दिवस पुरलं.

मग अंगणातून सगुणाची हाक आली, खोकत, चाचरत. "अण्णा, ता मी घातलंय. वयनींची साडी. गुरवारी. आवाज त्या पेटीतनं येतोय म्हटल्यावर उघड्यावर कशी ठेवू? थंडी वाजत असेल."

अण्णा खाली बसले असावेत, कारण खुर्ची करकरली. थोड्या वेळानं ते म्हणाले, "यंत्राला साडी नेसवलान गो हिनं." आणि मग बराच वेळ हसले की काय ते ऋजुताला नीट कळलं नाही.

उलगडा सोपा होता. उबदार सुती साडीत गुंडाळलेलं यंत्र तापत गेलं आणि जीव वाचवायला आपणहून बंद पडलं. अण्णांनी साडी उतरवली. ऋजुतानं विचारलं, घडी करताय का, तर ते म्हणाले, हो, वेळ लागेल, हिच्या घड्या वेगळ्या असतात. मग तिनं सांगितल्याप्रमाणे त्यांनी बटण दाबलं. एकदा. काही नाही. दुसऱ्यांदा दाबून धरलं. ऋजुता पडद्याकडे बघत होती. एक हजर. एक हजर. एक हजर.

दोन हजर.

कोठार उघडलं. तिनं निरोपांचा आकडा पाहिला आणि पुन्हा पाहिला. त्रेचाळीस असायला हवे होते. चव्वेचाळीस होते. पावसचं यंत्र गुरुवारपासून साडीखाली झोपलेलं. शुक्रवारी काय पुसलं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि पुसल्याची नोंदही उरली नव्हती. घरच्या यंत्राला वाटलं, हा नवीनच निरोप आलाय. त्यानं तो बिनतक्रार उतरवून घेतला. गेलेलं जसंच्या तसं परत आलं होतं. आणि आज्ञा होती, जागं झाल्यावर नव्यानं आलेला निरोप आधी वाजव.

"अण्णा, स्पीकर बंद करा," ऋजुता म्हणाली, पण तोवर पलीकडे उमाबाई बोलायला लागल्या होत्या. शेवटापर्यंत वाढवलेल्या आवाजात, सगळ्या घरभर.

"ऋजुता, ऐक, अण्णांना सांगू नकोस हो. डबी मी देवघराच्या फडताळात ठेवल्येय, जुन्या पंचांगांच्या मागं. तिथं ते कधी हात घालायचे नाहीत, झुरळांना भितात. कितीही मागितलीन तरी द्यायची नाही. सगुणा, झाकण लाव त्याचं, मी बघत्ये हो सगळं. हं, तर काय म्हणत होत्ये…"

इथं कधीतरी भार्गवी रडली होती. यापुढचं ऋजुतानं कधीच ऐकलेलं नव्हतं.

"…तर मी आहे तोवर नाही. मी नसले की मात्र दे. माझ्यामागं रागवायला कुणी नसणार, तेव्हा काहीतरी विरंगुळा हवा ना त्यांना. एक चिमूट रोज. आणि म्हणावं, हात धुवा मग नातीला घ्या. चल, दूध उतू जातंय."

आवाज थांबला. दोन वर्षं ऋजुतानं शब्द पाळला होता, अर्धाच.

"अण्णा, मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मी पुरतं ऐकलंच नव्हतं."

अण्णा उठल्याचा आवाज आला. फडताळाची कडी. पंचांगं एकामागून एक खाली. मग फोन बंद झाला.

त्या दिवशी ते पावसलाच राहिले. रविवारी भार्गवीचा ताप उतरला तशी ऋजुता तिला घेऊन रिक्षानं गेली. घराची सगळी दारं सताड उघडी होती. अण्णा ओटीवर बसले होते, मांडीवर चांदीची डबी, आणि खांबाशी सगुणा केरसुणी घेऊन उभी. अण्णांनी आधी हात धुतले, मग भार्गवीला घेतलं. थोड्या वेळानं त्यांनी डबी उघडून ऋजुतापुढे धरली.

"एक सांग मला. दोन वर्षांची तपकीर म्हणजे माती व्हायला हवी. ही कालची असावी अशी घमघमत्येय. आणि काठोकाठ."

ऋजुतानं डबीत पाहिलं. मग सहज सगुणाकडे. सगुणानं पदर नाकाशी नेला होता, आणि पदर धरणाऱ्या अंगठ्याचं नख तपकिरीनं रंगलेलं होतं. दोन वर्षं झाडायला आलं की एक चिमूट घ्यायची आणि कमी दिसू नये म्हणून बाजारातून पुडी आणून भरायची. आणि गुरुवारी तिन्हीसांजेला, हात डबीत असताना, मागून वयनी म्हणाल्या असणार, मी बघत्ये हो सगळं. काय म्हणाली ते सांगणार नाही, असं सगुणा का म्हणाली ते ऋजुताला आत्ता समजलं. सगुणाचे डोळे तिच्यावर खिळले होते. तीस वर्षांत त्या बाईनं काही मागितलं नव्हतं, ते आत्ता मागत होती.

"तीच भरून ठेवत्ये," अण्णा डबीकडे बघत म्हणाले. "माझं तरी मत तेच. पण मी म्हातारा झालो, मला एकट्याला वाटून काय उपयोग. तुम्ही सांगा."

सगुणा चटकन म्हणाली, "वयनीच."

अण्णांनी ऋजुताकडे पाहिलं. तिनं ओढणीनं भार्गवीचं नाक पुसलं, त्याला जरा जास्तच वेळ लावला.

"आईच," ती म्हणाली.

तिघांत दोघांचं जमलं की तेच खरं, हा नियम तिनंच तीन आठवडे वाचून निवडला होता, आणि देवीनं त्याला उजवा कौल दिला होता. इथं तर तिघांचंही जमलं. अण्णांनी समाधानानं मान हलवली, एक चिमूट घेतली आणि असे शिंकले की अंगणातली कोंबडी पडवीत आली. भार्गवी आधी दचकली, मग खुदखुदली आणि त्यांच्या मांडीवरून उतरून थेट मधल्या खोलीच्या दाराशी गेली. आत टेबलावर, घडी केलेल्या अंजिरी साडीशेजारी, निळा दिवा मिणमिणत होता.

"आजी," ती त्याला म्हणाली, "अण्णा शिंकले."

आतून काही उत्तर आलं नाही. सात वाजायला अजून वेळ होता.